'कावा नो नागारे नो यो नि': एक युग संपलं आणि चार दिवसांनी हे गाणं आलं

७ जानेवारी १९८९, शनिवार. सकाळी जपानचे सम्राट हिरोहितो यांचं निधन झालं आणि ६२ वर्षं चाललेलं 'शोवा' युग संपलं. दुसऱ्या दिवशी 'हेइसेई' नावाचं नवं युग सुरू झालं. त्यानंतर तीनच दिवसांनी, ११ जानेवारीला, जपानमधल्या रेकॉर्डच्या दुकानांत एक नवं गाणं आलं.

गाण्याचं नाव 'कावा नो नागारे नो यो नि'. अर्थ साधा आहे: नदीच्या प्रवाहासारखं. सरत जाणाऱ्या काळाबद्दलचं हे गाणं गायलं होतं मिसोरा हिबारी यांनी. त्या वेळी त्या ५१ वर्षांच्या होत्या. त्यांच्या हयातीत आलेलं हे त्यांचं शेवटचं सिंगल ठरलं. सुमारे साडेपाच महिन्यांनी त्याही गेल्या.

हा घटनाक्रम वाचल्यावर कुणालाही वाटेल की हे गाणं निरोपासाठीच लिहिलं असणार. सम्राटाला निरोप, नाहीतर गायिकेनं स्वतःच्या चाहत्यांना दिलेला निरोप. पण तसं अजिबात नव्हतं. गाणं लिहिणारा माणूस तेव्हा ३० वर्षांचा होता, टीनएज मुलींच्या पॉप ग्रुपसाठी गाणी लिहिण्याबद्दल प्रसिद्ध होता आणि जपानपासून हजारो किलोमीटर दूर न्यूयॉर्कमध्ये बसला होता.

मग हे गाणं जपानचं निरोपगीत कसं झालं? आणि ३० वर्षांनी याच गायिकेला कम्प्युटरच्या मदतीनं पुन्हा स्टेजवर आणलं, तेव्हा एवढा वाद का झाला? सविस्तर जाणून घेऊ.

थोडक्यात माहिती

- गाणं: कावा नो नागारे नो यो नि (नदीच्या प्रवाहासारखं)
- गायिका: मिसोरा हिबारी (१९३७–१९८९)
- गीतकार: यासुशी आकिमोतो
- संगीतकार: आकिरा मिताके
- अल्बममध्ये पहिल्यांदा: १ डिसेंबर १९८८
- सिंगल म्हणून: ११ जानेवारी १९८९
- विक्री: १० लाखांहून जास्त प्रती

गाण्यात नेमकं काय आहे?

गाण्यात गोष्ट अशी काही नाही. एक माणूस मागे वळून पाहतो. आपण नकळत किती लांबवर चालत आलो, हे त्याच्या लक्षात येतं. आलेला रस्ता अरुंद होता, खडबडीत होता, वळणावळणाचा होता. हातात नकाशा नव्हता. तरीही तो रस्ता म्हणजेच आपलं आयुष्य होतं, अशी कबुली तो देतो.

मग ध्रुवपद येतं आणि रस्त्याची जागा नदी घेते. किती तरी युगं मागे टाकत नदी शांतपणे वाहत राहते. आपणही तसंच वाहत जावं, एवढीच त्याची इच्छा आहे. दुसऱ्या कडव्यात प्रवास आहे, सोबतीला प्रेमाचं माणूस आहे, पावसानं झालेला चिखल आहे आणि कधीतरी उघडीप होईल ही आशा आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. रस्त्यावरून चालताना माणूस थांबू शकतो, मागे वळू शकतो, हवं तर परतही येऊ शकतो. नदीला ती सोय नाही. गाणं रस्त्यावरून सुरू होतं आणि नदीवर येऊन पोहोचतं, तेव्हा त्याचा सूरही बदलतो. आधी आठवणी होत्या, आता आहे स्वीकार.

मराठी माणसाला ही प्रतिमा समजावून सांगायची गरज नाही. 'काळाचा ओघ' किंवा 'काळाच्या ओघात' असं आपण रोज म्हणतो, त्यातला ओघ म्हणजे प्रवाहच. जपानी साहित्यातही ही प्रतिमा फार जुनी आहे. कामो नो चोमेई यांचं १२१२ सालचं 'होजोकी' हे पुस्तक वाहत्या नदीच्या वर्णनानंच सुरू होतं. जपानी मुलं ते शाळेत शिकतात. म्हणजे गाणं नवं असलं, तरी ऐकणाऱ्यांच्या मनात त्यासाठी जागा आधीपासून तयार होती.

मिसोरा हिबारी कोण होत्या?

त्यांचं खरं नाव काझुए कातो. जन्म २९ मे १९३७, योकोहामा. वडिलांचं मासळीचं दुकान होतं. 'मिसोरा हिबारी' हे रंगमंचावरचं नाव. 'मिसोरा' म्हणजे सुंदर आकाश आणि 'हिबारी' म्हणजे चंडोल पक्षी.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ही मुलगी आठ वर्षांची होती. जपान बेचिराख झाला होता. शहरं जळाली होती, अन्नाची टंचाई होती, रस्त्यांवर अनाथ मुलं फिरत होती. अशा काळात एक लहान मुलगी मोठ्या बायकांच्या आवाजात गाऊ लागली. १९४७ मध्ये शिकोकू बेटावर दौऱ्यावर असताना तिच्या बसला अपघात झाला आणि ती मरता मरता वाचली. १९४९ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, तिची पहिली रेकॉर्ड निघाली. त्याच वर्षी 'कानाशिकी कुचिबुए' या चित्रपटात ती उंच टोपी आणि कोट घालून गायली. त्याच वेशातला तिचा पुतळा आज योकोहामातल्या नोगे भागात उभा आहे.

सुरुवातीला टीकाही झाली. लहान मुलीनं मोठ्यांची प्रेमगीतं गाणं काही लेखकांना खटकलं. पण लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. १९५० मध्ये 'तोक्यो किड' आलं. रस्त्यावर राहणाऱ्या, खिसा रिकामा असला तरी स्वप्नं पाहणाऱ्या पोराचं ते गाणं होतं. १९५२ मध्ये 'रिंगो ओइवाके', १९६४ मध्ये 'यावारा', १९६६ मध्ये 'कानाशी साके' आणि १९६७ मध्ये गिटार बँडच्या साथीनं 'माक्का ना ताइयो'. आयुष्यभरात त्यांनी सुमारे १,५०० गाणी रेकॉर्ड केली आणि दीडशेहून जास्त चित्रपटांत काम केलं.

म्हणजेच, शून्यातून उभ्या राहिलेल्या जपानची सगळी वर्षं या एका आवाजासोबत गेली. 'शोवाची गायिका' असं त्यांना म्हटलं जातं, ते यामुळेच.

मग उतरती कळा कशी लागली?

यशाबरोबर त्रासही आला. १९५७ मध्ये तोक्योतल्या एका थिएटरमध्ये त्यांच्याच वयाच्या एका चाहतीनं त्यांच्या चेहऱ्यावर ॲसिड फेकलं. १९६२ मध्ये अभिनेते आकिरा कोबायाशी यांच्याशी लग्न झालं, पण ते दोन वर्षांतच मोडलं.

सर्वांत मोठा धक्का १९७३ मध्ये बसला. त्यांच्या एका भावाचे याकुझा टोळीशी संबंध असल्याचं प्रकरण गाजत होतं. अनेक सार्वजनिक सभागृहांनी त्यांना कार्यक्रमासाठी जागा नाकारली. ३१ डिसेंबरच्या रात्री एनएचके वाहिनीवर होणारा 'कोहाकू उता गासेन' हा जपानमधला सर्वांत प्रतिष्ठेचा गाण्यांचा कार्यक्रम. वर्षानुवर्षं तिथे मुख्य आकर्षण असलेल्या हिबारी यांना त्या वर्षी वगळलं गेलं. पुढे १९७९ मध्ये त्या विशेष पाहुण्या म्हणून तिथे गायल्या. पण नातं पहिल्यासारखं जुळलं नाही.

१९८० चं दशक तर आणखी वाईट गेलं. १९८१ मध्ये आई गेली. लहानपणापासून त्यांचं सगळं काम पाहणारी व्यक्ती म्हणजे आई. त्यानंतर १९८३ आणि १९८६ मध्ये दोन्ही भाऊ गेले. एप्रिल १९८७ मध्ये हिबारी यांना फुकुओकातल्या रुग्णालयात दाखल करावं लागलं. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला रक्तपुरवठा होत नव्हता, त्यामुळे चालणं अवघड झालं होतं. यकृताचा जुना आजारही बळावला होता. त्या पुन्हा गातील की नाही, याचीच शंका होती.

पण त्या परतल्या. ११ एप्रिल १९८८ रोजी, नुकत्याच सुरू झालेल्या तोक्यो डोममध्ये 'फिनिक्स' या नावानं त्यांची मैफल झाली. राखेतून पुन्हा उडणाऱ्या पक्ष्याचं नाव तिला मुद्दाम दिलं होतं. सुमारे ५०,००० लोक आले होते. हिबारी सुमारे ४० गाणी गायल्या आणि शेवटी जवळपास १०० मीटर लांबीच्या वाटेवरून चालत, प्रेक्षकांना हात करत बाहेर पडल्या. पाय दुखत होते, पण ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. प्रसंग ओढवलाच तर हाताशी असावी म्हणून रुग्णवाहिका तयार ठेवली होती.

गाणं लिहिलं कुणी आणि कुठे?

या मैफलीनंतर नवा अल्बम करायचं ठरलं. तरुण पिढीपर्यंत पोहोचायचं होतं, म्हणून काम यासुशी आकिमोतो यांच्याकडे दिलं गेलं.

आकिमोतो म्हणजे 'ओन्यान्को क्लब' या मुलींच्या ग्रुपची गाणी लिहिणारे गीतकार. पुढे २००५ मध्ये त्यांनीच 'एकेबी४८' हा प्रचंड गाजलेला आयडॉल ग्रुप सुरू केला. संगीतकार आकिरा मिताके हेही पारंपरिक घराण्यातले नव्हते. ते 'इप्पूदो' या न्यू वेव्ह बँडमधून आलेले. थोडक्यात, ५१ वर्षांच्या ज्येष्ठ गायिकेसाठी पॉपच्या दुनियेतल्या दोन तरुणांनी काम केलं.

आकिमोतो तेव्हा न्यूयॉर्कमध्ये राहत होते. त्यांनीच नंतर सांगितल्याप्रमाणे, तिथल्या ईस्ट रिव्हरकडे पाहताना या गाण्याचे शब्द सुचले. म्हणजे जपानी मनाचं प्रतीक ठरलेल्या गाण्यातली नदी मुळात मॅनहॅटनच्या कडेनं वाहणारी आहे! पण घरापासून लांब असलेल्या माणसाला वाहतं पाणी पाहून घर आठवावं, यात नवल नाही. नदी समुद्राला मिळते आणि समुद्र पार जपानपर्यंत जातो.

१ डिसेंबर १९८८ ला अल्बम आला. सिंगल म्हणून वेगळं कोणतं गाणं काढायचं, यावर चर्चा झाली. रेकॉर्ड कंपनीचा कल दुसऱ्या गाण्याकडे होता. हिबारी यांनी मात्र याच गाण्याचा आग्रह धरला. एरवी अशा निर्णयांत फारसं न बोलणाऱ्या गायिकेचा हा हट्ट शेवटी मान्य झाला आणि तारीख ठरली: ११ जानेवारी १९८९.

त्या तारखेला एवढं महत्त्व का?

यासाठी जपानची कालगणना समजून घ्यावी लागेल.

जपानमध्ये इसवी सनाबरोबरच 'गेंगो' म्हणजे युगनाम वापरलं जातं. १८६८ पासून नियम असा आहे की एक सम्राट, एक युगनाम. नवा सम्राट आला की वर्षांची मोजणी पुन्हा १ पासून सुरू होते. आपल्याकडे छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेक शक सुरू केला होता. सत्तेचा आरंभ हाच काळाचा आरंभ, हा विचार त्यातही होता. फरक एवढाच की जपानमध्ये ही पद्धत आजही रोजच्या वापरात आहे. सरकारी फॉर्मवर जन्मसाल लिहिताना लोक शोवा अमुक, हेइसेई तमुक असं लिहितात.

शोवा युग २५ डिसेंबर १९२६ ला सुरू झालं. त्यात युद्ध आलं, अणुबॉम्ब आले, पराभव आला, परकीय लष्कराचा ताबा आला, १९६४ चं ऑलिंपिक आलं आणि शेवटी डोळे दिपवणारी श्रीमंतीही आली. जपानच्या इतिहासातलं हे सर्वांत लांब युग.

सप्टेंबर १९८८ मध्ये सम्राट गंभीर आजारी पडले आणि सगळा देश जणू आवाज खाली करून बसला. उत्सव रद्द झाले, पार्ट्या थांबल्या. एका मोटारीच्या जाहिरातीत एक गायक खिडकीतून 'सगळे बरे आहात ना?' असं विचारायचा. तो आवाजसुद्धा बंद केला गेला, ओठ तेवढे हलताना दिसायचे. ७ जानेवारीला निधनाची बातमी आल्यावर दोन दिवस टीव्हीवर जाहिराती नव्हत्या, फक्त सम्राटांवरचे कार्यक्रम. तेच ते पाहून कंटाळलेल्या लोकांनी व्हिडिओ कॅसेटच्या दुकानांत गर्दी केली.

शोवा ६४ हे वर्ष फक्त ७ दिवसांचं ठरलं. त्यानंतर लगेच हे गाणं दुकानांत आलं, म्हणजे हेइसेई युगाच्या चौथ्या दिवशी.

गाण्याच्या ध्रुवपदात 'जिदाई' हा शब्द आहे. त्याचा अर्थ काळ, युग. लिहिताना तो सर्वसाधारण अर्थानं आला होता. ऐकणाऱ्यांना मात्र तो चार दिवसांपूर्वीच्या बातमीसारखा ऐकू आला. शब्द तेच होते, चालही तीच होती. फक्त बाहेरचं कॅलेंडर बदललं होतं.

शेवटचे साडेपाच महिने

हिबारी यांची तब्येत पुन्हा ढासळत होती. तरीही त्यांनी दौरा सुरू केला. ७ फेब्रुवारी १९८९ ला क्युशू बेटावरच्या कोकुरा इथे त्या गायल्या. तो त्यांचा शेवटचा कार्यक्रम. मार्चमध्ये त्यांना तोक्योतल्या रुग्णालयात दाखल केलं गेलं आणि २४ जून १९८९ ला फुप्फुसाच्या आजारानं त्यांचं निधन झालं. वय ५२.

पुढच्याच महिन्यात जपान सरकारनं त्यांना मरणोत्तर 'राष्ट्रीय सन्मान पुरस्कार' दिला. हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. ज्या गायिकेला एकेकाळी सार्वजनिक सभागृहांची दारं बंद झाली होती, तिला आता देशाचा सन्मान मिळाला.

१९८९ मध्ये आणखीही मोठी माणसं गेली. मांगाचे जनक मानले जाणारे ओसामू तेझुका फेब्रुवारीत, उद्योगपती कोनोसुके मात्सुशिता एप्रिलमध्ये. वर्षाच्या शेवटी, २९ डिसेंबरला, जपानचा निक्केई शेअर निर्देशांक ३८,९१५ वर पोहोचला आणि तिथून घसरला तो घसरलाच. ती उंची पुन्हा गाठायला २०२४ साल उजाडावं लागलं. मागे वळून पाहणाऱ्या जपानी माणसाला १९८९ हे एका मोठ्या वळणाचं वर्ष वाटतं, आणि त्या वळणावर कानात वाजणारं गाणं हे असतं.

१९९६ मध्ये तोक्योत लुचियानो पावारोत्ती, प्लासिदो दोमिंगो आणि होसे कारेरास या तीन जगप्रसिद्ध ऑपेरा गायकांनी ते चक्क जपानीत गायलं. १९९७ मध्ये एनएचकेनं लोकांचा कौल घेतला, तेव्हा जपानचं सर्वांत आवडतं गाणं म्हणून याच गाण्याला पसंती मिळाली.

याला एनका म्हणायचं की पॉप?

इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी या गाण्याला 'एनका' म्हटलेलं दिसेल. एनका म्हणजे बंदर, दारू, विरह आणि बर्फाळ उत्तरेकडची गावं यांची गाणी. त्यात गळ्यातली एक खास थरथर असते, तिला 'कोबुशी' म्हणतात. आपल्याकडच्या मुरकीच्या जवळची म्हणता येईल.

हिबारी यांना 'एनकाची राणी' म्हणत असले, तरी त्यांनी बुगी, जॅझ, पॉप असं सगळं गायलं. हे गाणंही ठरावीक एनका नाही. ते एक संथ पॉप बॅलड आहे. कडवी खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखी आहेत. ध्रुवपद एका लांब 'आ'नं उघडतं. इथे दुसरी गायिका असती तर जोर लावला असता. हिबारी तिथे आवाज उलट हलका करतात आणि नंतर हळूहळू भरतात. कोबुशीही अगदी मोजकी आहे. म्हणूनच एनका न ऐकणारे लोकही हे गाणं ऐकतात.

३० वर्षांनी हिबारी पुन्हा गायल्या?

आता येऊ २०१९ वर. ३० एप्रिलला सम्राट आकिहितो यांनी पदत्याग केला. सुमारे २०० वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं होतं. हेइसेई संपलं आणि १ मे पासून 'रेइवा' सुरू झालं. पुन्हा एकदा युग बदललं.

त्याच वर्षी एनएचके आणि यामाहा यांनी एआयच्या मदतीनं हिबारी यांचा आवाज नव्यानं तयार केला. जुन्या रेकॉर्डिंगवरून कम्प्युटरला त्यांची गायकी शिकवली गेली. दौऱ्यावर असताना दत्तक मुलासाठी त्यांनी गोष्टी वाचून टेप करून ठेवल्या होत्या. बोलण्याच्या भागासाठी त्या टेपही वापरल्या गेल्या. मुलगा काझुया कातो यांची या प्रकल्पाला संमती होती. नवं गाणं लिहिलं ते पुन्हा आकिमोतो यांनीच. नाव 'आरेकारा', म्हणजे 'त्यानंतर'. सप्टेंबर २०१९ मध्ये ते टीव्हीवर दाखवलं गेलं आणि ३१ डिसेंबरला 'कोहाकू'च्या मंचावर पडद्यावरच्या हिबारी गायल्या. एकेकाळी त्यांना वगळणारा हाच तो कार्यक्रम.

कार्यक्रम पाहणारे अनेक जुने चाहते रडले. पण तेवढीच टीकाही झाली. ज्येष्ठ गायक-संगीतकार तात्सुरो यामाशिता यांनी आपल्या रेडिओ कार्यक्रमात या प्रयोगाचा कडक शब्दांत निषेध केला. गाण्याच्या मधल्या बोलण्यात पडद्यावरच्या हिबारी श्रोत्यांची विचारपूस करतात, ते अनेकांना सर्वांत जास्त खटकलं. आवाजाची नक्कल एकवेळ ठीक, पण जी वाक्यं ती व्यक्ती कधी बोललीच नाही, ती तिच्या तोंडी घालायचा हक्क कुणाला?

हा प्रश्न आता फक्त जपानचा राहिलेला नाही. २०२४ मध्ये ए. आर. रहमान यांनी 'लाल सलाम' या तमिळ चित्रपटातल्या एका गाण्यात दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयनं वापरले. कुटुंबीयांची परवानगी घेतली आणि मोबदला दिला, असं त्यांनी स्पष्ट केलं. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानं गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची परवानगीशिवाय एआय नक्कल करण्याला मनाई केली. जिवंत कलाकार कोर्टात जाऊ शकतो. गेलेल्या कलाकाराच्या वतीनं वारस होकार देऊ शकतात, पण तो होकार कलाकाराचा स्वतःचा नसतो.

दोन गाणी, एक गीतकार

'आरेकारा' आणि 'कावा नो नागारे नो यो नि' ही दोन्ही गाणी एकाच गीतकाराची. दोन्ही युग बदलण्याच्या वर्षात आलेली. तरी त्यांत मोठा फरक आहे.

२०१९ चं गाणं ठरवून केलेलं होतं. लोकांना कुठे भरून येईल, गायिका कुणाशी बोलेल, सगळं आधी ठरलं होतं. १९८९ च्या गाण्यात असं काही ठरवलेलं नव्हतं. सम्राटांचं निधन कधी होईल, हे रेकॉर्डिंगच्या वेळी कुणालाच माहीत नव्हतं. साडेपाच महिन्यांनी गायिकाही जाईल, हेही माहीत नव्हतं. गाणं लिहिणाऱ्यानं त्यात निरोप घातला नव्हता. तो नंतर घडलेल्या गोष्टींनी घातला.

शिवाय मूळ गाणं सांगतं की वाहून गेलेलं पाणी परत येत नाही, आणि त्याबद्दल तक्रारही करत नाही. त्याच गायिकेला परत आणण्याची धडपड व्हावी, हे विचित्र आहे आणि माणसाच्या स्वभावाला धरूनही आहे. आपल्या माणसाचा जुना व्हॉइस मेसेज डिलीट न करणाऱ्या कुणालाही त्या रडणाऱ्या चाहत्यांचं दुःख कळेल.

पहिल्यांदा ऐकणार असाल तर

आधी १९८९ चं मूळ रेकॉर्डिंग ऐका. जपानी येत नसेल तरी चालेल. कडव्यातला जवळजवळ बोलका आवाज आणि ध्रुवपदाच्या सुरुवातीचा हलका 'आ', एवढ्याकडे लक्ष द्या. मग १९५० चं 'तोक्यो किड' लावा. तो १३ वर्षांच्या मुलीचा आवाज आहे. दोन गाण्यांच्या मध्ये ३९ वर्षं गेलेली आहेत, आणि ती ऐकू येतात.

सगळ्यात शेवटी 'आरेकारा' ऐका. आवाज ओळखीचा वाटेल. मधली ३० वर्षं मात्र त्यात सापडतात का, ते तुम्हीच ठरवा.